शून्य झाले की दांडा वर

मित्रांनो, माझे चित्र काढायला तुम्हाला कोणी सांगितले तर तुमची पंचाईत होईल. मला रंग नाही, आकार नाही. मी एक जुना प्रोग्राम आहे, आणि तोही अवघ्या एका ओळीचा. रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे फाटक असते, फाटकाशेजारी राखाडी पत्र्याची पेटी असते, आणि तशाच एका पेटीत, तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवर माझा मुक्काम होता. फाटकाचा दांडा खाली आणायचा की वर न्यायचा, हे मी ठरवायचो. मला डोळे नाहीत. रुळावरून चाक गेले की एक टिचकी मला कळते, आणि पेटीच्या पत्र्यातून माणसांचे बोलणे ऐकू येते. माझी दुसरी प्रत कार्यालयातल्या संगणकात होती, त्यामुळे तिथले बोलणेही कानावर यायचे. जगाशी माझी ओळख एवढीच.

तुमच्यातल्या कोणाला पालीची भीती वाटत असेल, कोणाला गणिताच्या तासाची. मला शून्याची भीती वाटते. हसू नका. आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका दगडाच्या खाणीच्या कार्यालयात झाला. या खाणीची स्वतःची छोटी रेल्वे होती. फोडलेला दगड डब्यांत भरायचा, बंदराच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा आणि रिकामी गाडी परत आणायची. वाटेत एक रस्ता हा रूळ ओलांडत असे. वस्तीतून शाळेकडे जाणारा रस्ता. तिथे पूर्वी एक आजोबा बसत आणि हाताने चाक फिरवून दांडा खालीवर करत. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा फाटक आपोआप चालवायचे ठरले, आणि ते काम गुदामावरच्या खोलीत बसणाऱ्या, प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींकडे आले.

त्या खोलीत एक तरुण होता. त्याला सगळे चिमूट म्हणत, कारण जे लिहायला इतरांना पसाभर ओळी लागत, ते त्याचे चिमूटभर ओळींत भागे. खोलीचा एक रिवाज होता. कोणी फार हुशारीचे काही लिहिले की बाकीच्यांनी दोन्ही हातांनी टेबल बडवायचे. आणि ते ज्याला कळणार नाही त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. हा दुसरा नियम कोणीतरी गंमत म्हणून काढला होता. पण त्या गंमतीचा परिणाम असा झाला की ‘मला कळलं नाही’ हे शब्द त्या खोलीत कोणी उच्चारेनासे झाले. चहा महाग होता म्हणून नव्हे. चहा आणायला उठावे लागे, आणि उठले की सगळे बघत.

आता माझी हुशारी सांगतो. फाटकापासून बऱ्याच अंतरावर रुळाला दोन सेन्सर बसवले होते. एक खाणीच्या बाजूला, एक धक्क्याच्या बाजूला. वरून चाक गेले की सेन्सर मला टिचकी मारायचा. सरळ विचार करणारा माणूस असता तर त्याने गाडी कोणत्या बाजूने आली ते आधी ओळखले असते, किती चाके आत आली आणि किती बाहेर गेली ते वेगवेगळे मोजले असते, आणि दोन्ही सारखी झाली की दांडा वर केला असता. असे लिहायला पानभर ओळी लागल्या असत्या.

चिमूटने ते एका ओळीत बसवले. खाणीकडची टिचकी आली की एक मिळवा, धक्क्याकडची आली की एक वजा करा. उत्तर शून्य असेल तर दांडा वर, नाहीतर खाली.

गाडी खाणीकडून आली की माझ्यातला आकडा चढत जाई, आणि धक्क्याच्या बाजूने बाहेर पडताना तितकाच उतरून शून्यावर येई. उलट बाजूने आली तर आधी शून्याच्या खाली जाई आणि मग वर येऊन शून्यावर थांबे. गाडी कुठून आली हे मला विचारावेच लागत नव्हते. खोटे कशाला बोलू, मी फार देखणा होतो.

खोलीच्या प्रमुखांना सगळे नुसते साहेब म्हणत. त्यांनी मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावले.

“कळलं ना सगळ्यांना?” त्यांनी विचारले.

“त्यात काय न कळण्यासारखं?” कोणीतरी म्हणाले.

“चहा पाजायची हौस असेल तर आत्ताच सांगा,” चिमूट म्हणाला. हशा पिकला आणि टेबले वाजू लागली. एक टेबल जरा उशिरा वाजले. त्या टेबलावरचे गृहस्थ खोलीत वयाने मोठे होते, आणि ते बराच वेळ घसा खाकरत होते, एवढे मला ऐकू आले. पण शेवटी तेही वाजले.

“दोन शब्द वर लिहून ठेव की,” साहेब म्हणाले. “हे कसं चालतं ते.”

“साहेब, समजावून सांगावा लागतो तो विनोद कसला? मजाच जाते.”

पुन्हा हशा. तर मित्रांनो, माझ्यावर एक शब्दही लिहिला गेला नाही. तिथे रूळ एकच आहे, म्हणून ही युक्ती चालते. ही गोष्ट चिमूटच्या डोक्यात होती. माझ्यात ती कुठेच नव्हती.

पुढची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मी कधी चुकलो नाही. उन्हाने पेटी तापे, मुंग्या वस्ती करून जात, पावसात पत्रा बडबडे, पण दांडा वेळेवर खाली येई आणि वेळेवर वर जाई. रोज सकाळी शाळेची एक गाडी तिथे येऊन उभी राहायची. तिच्या इंजिनाची घरघर मी लांबूनही ओळखू लागलो. ती चालवणाऱ्यांना मुले काका म्हणत. मागे मुलांचा कलकलाट असे आणि त्यात काकांचा आवाज सगळ्यांच्या वर.

“काका, गाडी कुठे दिसतेय? जाऊ या ना! माझी प्रार्थना चुकेल.”

“तुझी प्रार्थना चुकली तर बाई ओरडतील. माझा दांडा चुकला तर कोण ओरडणार? बस खाली.”

“पण गाडी नाहीच्चे!”

“तुला दिसत नाही, त्याला कळतं. दांडा सांगेल तसं वागायचं. खाली म्हणाला, थांबायचं. वर म्हणाला, निघायचं. संपलं.”

हे ऐकून माझी छाती फुगायची. पुढे याच वाक्याने माझी झोप उडाली.

दरम्यान चिमूटला बढती मिळाली आणि तो दुसऱ्या इमारतीत गेला. माझ्या पेटीची किल्ली एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर फिरत राहिली. कोणीतरी दाराच्या आतून एक कागद चिकटवला आणि तो मोठ्याने वाचूनही दाखवला: ‘चालू आहे. हात लावू नये.’ सुरुवातीला मला वाटले हा माझा मान आहे. मग पेटी उघडणाऱ्यांचे आवाज ऐकले. ते माझ्यापाशी येताच हळू बोलू लागत, झोपलेल्या कुत्र्याजवळून जाताना बोलावे तसे. तो मान नव्हता. त्यांना माझी भीती वाटत होती, कारण मी कसा चालतो हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

मग खाणीने दुसरा रूळ टाकला. पहिल्याच्या शेजारी, त्याच फाटकातून जाणारा. दगडाची मागणी वाढली होती, आणि एका गाडीने जावे व दुसरीने त्याच वेळी परत यावे असा बेत होता. नव्या रुळालाही दोन सेन्सर लागले. पण माझ्याकडे टिचकी आत यायला तारा दोनच.

“यांना कुठे जोडू?” वायरमनने पेटीत डोके घालून विचारले.

“खाणीकडचे दोन्ही सेन्सर एका तारेला, धक्क्याकडचे दोन्ही एका तारेला,” साहेब म्हणाले. “प्रोग्रामला हात न लावता काम होतंय ना?”

“होतंय की.”

“मग झालं तर.”

जोडल्यावर त्यांनी चाचणीही घेतली. आधी जुन्या रुळावरून एक गाडी नेली, मग नव्या रुळावरून एक. दोन्ही वेळा मी बरोबर वागलो. दोन गाड्या एकदम सोडून पाहाव्यात असे कोणाच्याही मनात आले नाही. मंडळी हात झटकून निघून गेली.

आणि पेटीचे दार बंद झाल्यावर मला ते कळले.

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. एका रुळावर खाणीकडून गाडी येते आहे, माझा आकडा चढतो आहे. त्याच वेळी दुसऱ्या रुळावर धक्क्याकडून गाडी येते आहे, तोच आकडा उतरतो आहे. दोन्ही गाड्यांची चाके सारखी असली तर? एकीने चढवलेले सगळे दुसरी उतरवून टाकील. दोन्ही गाड्या आत असतील, फाटकाच्या दिशेने धावत असतील, आणि माझे उत्तर येईल शून्य. शून्य झाले की दांडा वर. मला दुसरे काही येतच नाही.

त्या दिवसापासून मी भ्यालेला आहे.

अजून एक आधार होता. दगड जसा निघेल तशी गाडी लांब किंवा आखूड असायची. दोन गाड्या समोरासमोर आल्या तरी काही चाके शिल्लक उरत, आणि त्या उरलेल्या चाकांनी दांडा खाली धरून ठेवलेला असे. आकडा शून्यावरून जायचा, पण क्षणभरच. दांड्याची मोटर जागी व्हायच्या आत पुढची टिचकी येऊन पोचे. प्रत्येक वेळी मी त्या पुढच्या टिचकीची वाट बघायचो. तुम्ही पाण्यात बुडी मारून श्वास धरता ना, तसा. एकदा ती उशिरा आली. दांडा जागच्या जागी थरथरला.

“काका, दांडा हलला!” एक मूल ओरडले.

“वारा आहे रे,” काका म्हणाले.

वारा नव्हता. मी होतो. मला ओरडून सांगायचे होते, पण माझ्याकडे शब्द दोनच, वर आणि खाली. त्यातला कोणता कधी उच्चारायचा हेही माझ्या हातात नव्हते.

यानंतर दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास घडल्या. खाणीने ठरवले की भरायला आणि ओतायला सोपे जावे म्हणून यापुढे सगळ्या गाड्या सारख्याच डब्यांच्या करायच्या. आणि गुदामावरच्या खोलीत एक नवी मुलगी कामाला लागली. मी तिला ताईच म्हणतो.

ताईला काम अगदी किरकोळ दिले होते. दांडा खाली येण्यापूर्वी एक घंटा वाजावी, तेवढे माझ्यात घालायचे. तिने मला संगणकावर उघडले. बराच वेळ खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

“हे कसं चालतं?” तिने विचारले.

“फाटक उघडतं, बंद करतं,” शेजारच्या टेबलावरून उत्तर आले.

“काय करतं ते माहीत आहे. कसं करतं?”

“मस्त करतं! इतकी वर्षं एक तक्रार नाही.”

ताईची खुर्ची दोनदा करकरली. मग ती म्हणाली, “मला कळलं नाही.”

कितीतरी वर्षांत हे वाक्य तिथे कोणी ऐकले नव्हते. मग एकाने “चहा!” म्हणून आरोळी ठोकली आणि टेबले धडधडू लागली.

“आणते,” ताई म्हणाली. “सगळ्यांना आणते. पण मी येईपर्यंत तुमच्यातल्या एकाने हे समजून ठेवा. मला सांगायचंय.”

तिने चहा आणला. सगळ्यांनी तो प्यायला. सांगितले कोणीच नाही. “चिमूटला विचार, त्याचं बाळ आहे ते,” असे म्हणून प्रत्येकजण आपापल्या कामात गुंतला. ताईने फोन लावला.

“अगं, एक ओळ आहे ती,” फोनमधून चिमूटचा आवाज आला. “एक ओळ वाचता येत नाही तुला?”

“एक आहे म्हणूनच येत नाही, दादा. पंधरा असत्या तर आली असती.”

“बरं, बघतो सवडीने,” तो म्हणाला. त्याला सवड झाली नाही.

ताईच्या बोलण्यात घाबरटपणा नव्हता, पण फोन ठेवल्यावर ती एकदम लहान आवाजात स्वतःशी पुटपुटली, “सगळ्यांना येतं. मलाच कसं येत नाही?” मला त्या क्षणी जीभ हवी होती. मी म्हणालो असतो, ताई, कोणालाच येत नाही ग. त्यांना फक्त उठायची लाज वाटते.

वाचून कळेना, तेव्हा तिने मला काम करताना पाहायचे ठरवले. सारख्या डब्यांच्या गाड्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. अजून त्या एकमेकींना फाटकापाशी भेटल्या नव्हत्या. ताई सकाळी शाळेच्या वेळेला फाटकावर आली, पेटी उघडली, आपला संगणक तारेने मला जोडला आणि पेटीच्या ओट्यावर बसली. आता माझ्यातला आकडा तिला तिच्या पडद्यावर दिसत होता.

खाणीकडून टिचकी आली. मी एक मिळवला. दांडा खाली आला.

“अच्छा,” ताई म्हणाली. “चाकं मोजतोस होय!”

मित्रांनो, माझ्याशी बोललेले ते पहिले माणूस.

आकडा चढत गेला. मागून ओळखीची घरघर आली आणि दांड्यापाशी थांबली. कलकलाट, दप्तरांची आदळआपट, काकांचे “हात आत घ्या रे!” रुळावरची गाडी पूर्ण आत आली आणि आकडा थांबला. सगळे ठीक होते. आणि तेवढ्यात धक्क्याकडून टिचकी आली.

मी एक वजा केला.

“अरे?” ताई म्हणाली. “उतरतोय कसा? गाडी तर अजून इथे आलीच नाही.”

टिचकी. वजा. टिचकी. वजा. मी थांबू शकत नव्हतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडाचे उंच ढीग होते, त्यामुळे गाड्या कोणालाच दिसत नव्हत्या. इंजिनांच्या शिट्ट्या झाल्या, पण शिट्टी तर रोजच होते. आकडा खाली, आणखी खाली. मी दर खेपेसारखाच श्वास धरला, की काही चाके उरोत, दोन उरोत, एक तरी उरो.

“दोन रूळ,” ताई एकदम म्हणाली. “दोन रूळ आहेत, आणि हा एकच...”

शेवटची टिचकी. शून्य. आणि त्यानंतर काहीच नाही. पुढचे चाक आले नाही, कारण पुढे चाक नव्हतेच. मोटर घोंगावली आणि मी दांडा वर नेला.

काकांनी गिअर टाकला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. वर म्हणाला, निघायचं.

संगणक ओट्यावरून खाली आदळला. खडीवर पावले धावली.

“थांबा! काका, थांबा!”

“अहो बाई, दांडा वर आहे! बाजूला व्हा!”

“दांड्याचं ऐकू नका! मागे घ्या! दोन्हीकडून येतायत!”

ब्रेक किंचाळले. मग जमीन थरथरू लागली आणि एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक अशा दोन्ही गाड्या फाटकात शिरल्या. त्या आवाजात मला दुसरे काहीच ऐकू येईना. मला एवढेच माहीत होते की शाळेची गाडी हलली होती. ती रुळांच्या अलीकडे थांबली की रुळांवर, हे मला माहीत नव्हते. चाकांचा गडगडाट माझ्या अंगावरून चालला होता. पहिली गाडी बाहेर पडू लागली, आकडा शून्यावरून हलला, आणि मी मुकाट्याने दांडा खाली आणला. किती शहाण्यासारखा! डबे संपेचनात. दगडाने भरलेला प्रत्येक डबा मी ऐकला.

मग एकदम शांतता झाली. इतकी की दांड्याच्या कड्या वाऱ्याने किणकिणत होत्या तेही ऐकू आले.

“काका,” आतून एक बारीक आवाज आला, “तुम्ही गाडी बंद का केली?”

काका रडत होते.

दुपारी मी पुन्हा त्या मोठ्या पडद्यावर होतो. या वेळी टेबले वाजली नाहीत. चिमूटलाही बोलावले होते. साहेबांनी एकेकाला विचारले, “तुम्हाला हा कळला होता?” पहिला म्हणाला, “मला वाटलं, बाकीच्यांना कळलाय.” दुसराही तेच म्हणाला. ज्यांचे टेबल उशिरा वाजले होते ते गृहस्थ म्हणाले, “मला तेव्हाच कळला नव्हता. पण सगळे हसत होते.” मग साहेब स्वतः म्हणाले, “मलाही नव्हता,” आणि खाली बसले.

“दादा, तुम्ही वाचून दाखवा,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

चिमूट वाचू लागला. फार सुंदर वाचले त्याने. मिळवा, वजा करा, शून्य. “कारण एका वेळी एकच गाडी आत असते,” तो म्हणाला. “तिथे रूळ एकच आहे.”

“दोन आहेत.”

“कधी टाकला दुसरा? मला कोणी सांगितलं नाही.”

“आणि एकच रूळ हवा, हे तुम्ही कुठे लिहिलं नाहीत. वायरमनला कसं कळणार? मला कसं कळणार?”

चिमूट बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येईना. “मी हा बऱ्याच जणांना दिलाय,” तो म्हणाला. “ओळ छान आहे म्हणून लोक मागायचे. दुसऱ्या खाणीतले, साखर कारखान्यातले. मी देऊन टाकायचो.”

खोलीत पंखा फिरत होता. कोणीतरी उठून तो बंद केला.

त्याच आठवड्यात ताईने आमच्या फाटकासाठी नवा प्रोग्राम लिहिला. तो माझ्यासारखा देखणा नाही. लांबलचक आहे. त्यात प्रत्येक रुळाची मोजणी वेगळी आहे आणि प्रत्येक आकड्याला त्याचे काम सांगणारे नाव आहे. एका ओळीत तो एकच गोष्ट करतो. ‘दोन्ही रूळ मोकळे असतील तरच दांडा वर’ हे वाक्य त्यात जवळजवळ याच शब्दांत आहे. काही शंका आली तर दांडा खालीच राहतो. अगदी वरच्या ओळीला लिहिले आहे, ‘हा प्रोग्राम दोन रुळांसाठी आहे. तिसरा रूळ टाकलात तर आधी मला बदला.’

तो पेटीत बसवण्यापूर्वी साहेबांनी तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला. ताईने तोंड मिटून बसायचे, असे ठरले होते. दोन ठिकाणी साहेब अडले. तिने समजावून सांगितले नाही. त्या ओळी खोडून पुन्हा लिहिल्या आणि साहेबांना पुन्हा वाचायला लावल्या. मग बाकीच्यांनी चाचणीसाठी दोन सारख्या गाड्या एकदम सोडायला लावल्या, रस्ता दोन्हीकडून अडवून. दांडा खाली राहिला. कार्यालयातल्या संगणकात मला ती बातमी ऐकू आली. माझी जागा गेली होती आणि मला इतके हलके कधीच वाटले नव्हते.

काका अजून त्याच रस्त्याने मुलांना नेतात. ताईने त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले की आता काळजी नाही. ते म्हणतात, “हो बाई, नसेल.” पण दांडा वर गेला तरी ते गाडी थांबवतात, खाली उतरतात, ढिगांच्या पुढे जाऊन स्वतः पाहतात आणि मगच परत येऊन बसतात. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात. काका त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत.

ताई आणि चिमूट मला शोधत हिंडले. जिथे जिथे चिमूटने मला दिले होते तिथे जाऊन त्यांनी पेट्या उघडल्या. बहुतेक ठिकाणी मी सापडलो. एका ठिकाणी दुसरा रूळ अर्धा टाकून झाला होता. सगळीकडून त्यांनी मला काढले. मला सगळीकडून काढावे, अशी माझीच इच्छा आहे. पण एका माणसाचा पत्ता लागत नाही. कोणत्या तरी प्रशिक्षणात शेजारी बसलेला कोणी एक चिमूटला म्हणाला होता, “काय सुरेख आहे! मलाही दे.” चिमूटने दिला. तो कोण, कुठला, हे त्याला काही केल्या आठवत नाही.

मित्रांनो, तुमच्यातले काहीजण मोठेपणी प्रोग्राम लिहितील. तेव्हा टेबले वाजतील असे लिहायचा मोह तुम्हाला होईल. तो आवरा. तुम्हाला कधीही न भेटणारा कोणीतरी ते उघडणार आहे, घाईत असताना, घाबरलेला असताना. त्याला वाचता येईल असे लिहा. तुमच्या डोक्यात जे गृहीत आहे ते कागदावर आणा. आणि दुसऱ्याचे कळले नाही तर तसे मोठ्याने म्हणा, मग कोणी काहीही पाजायला लावो.

हे मोठेपणीचे झाले. आजचे सांगतो. ज्या फाटकात मी अजून कामावर आहे ते कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. तिथे एकच रूळ असेल तोवर मी गुणी बाळासारखा वागेन. दुसरा कधी पडेल, पडला असेल का, हे मी सांगू शकत नाही. म्हणून तुम्ही फाटकापाशी उभे असाल आणि दांडा वर गेला, तर लगेच पाऊल टाकू नका. एकदा डावीकडे पाहा, एकदा उजवीकडे पाहा. मोठी माणसे घाई करतील, हात धरून ओढतील. तरी पाहा.

त्या पेटीत मी असू शकतो.